होबर्ट नेपियरची हाक

होबर्ट नेपियरला हाक मारता येत नसे, आणि आमच्या क्विलन खोऱ्यात ज्याला हाक मारता येत नाही त्याचं लोकांकडे जाणं-येणंच संपतं. रस्ता ओढ्याच्या एका काठाने जातो, घरं बहुतेक दुसऱ्या काठाला, आणि प्रत्येक घराला आपापला साकव, पायी ओलांडायचा लाकडी पूल. कुणाकडे जायचं तर रस्त्यावर उभं राहून नावाने हाक द्यायची, आणि तो माणूस ओसरीत येऊन ‘या’ म्हणेपर्यंत साकवावर पाऊल टाकायचं नाही. हाक न मारता दारात उगवतो तो एक तर सरकारी माणूस, नाही तर चोर. आणि हाक आली की बाहेर यायचंच. माणूस नावडता असला तरी हातातलं काम टाकून यायचं. हाक ऐकूनही कुणी घरात बसून राहिला, एवढ्यावरून इथे एकमेकांशी न बोलणारी घरं आहेत. आमच्या केंटकी राज्यात तरी सगळीकडे असंच असेल असं मला लहानपणी वाटायचं. तसं नाही म्हणे.

होबर्टने आयुष्य कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं. त्या धुळीने त्याची छाती खाल्ली. खोऱ्याच्या तोंडाशी माझं दुकान आहे. तो पायऱ्या चढून आत आला की आधी काउंटर धरून उभा राही, आणि मी त्याच्याकडे न बघता डबे इकडचे तिकडे करत बसे. श्वासासाठी धडपडताना त्याला कुणी पाहिलेलं खपत नसे. बोलायचा तोही तुकड्यातुकड्याने. त्याची बायको ग्लेना होती तोवर हाका मारायचं काम तिचं. तिचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या खोऱ्यातली कुत्री उत्तर द्यायची. ती गेली आणि होबर्ट खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला एकटा राहिला. रस्त्यावर गाडी लावून तो लोकांच्या घराकडे बघत उभा राही. कुणाचं लक्ष गेलं तर ठीक, नाही तर परत जाई.

मग एका हिवाळ्यात त्याने तो भोंगा बनवला. मोडीत निघालेल्या एका ट्रकवर आगगाडीसारखे वाजणारे चार कर्णे होते, ते त्याने काढून आणले. चाकात हवा भरायचा छोटा पंप त्यांना जोडला, आणि त्याला मूठ लावली खाणीत वापरलेल्या आपल्या जुन्या ड्रिलची. ड्रिलची बॅटरी खालून खटकन बसवायची, घोडा दाबायचा, की झालं. एक बॅटरी भोंग्यात आणि दुसरी स्वयंपाकघरात चार्ज होत असलेली, असा त्याचा नेम होता. आता अशी यंत्रं तयार मिळतात आणि टवाळ पोरं ती घेऊन लोकांना दचकवत फिरतात. होबर्टचा भोंगा दिसायला ओबडधोबड होता, पण आवाज असा की पोटात जाऊन बसायचा. कोळशाची आगगाडी आमच्याकडे कधीच बंद झाली होती, रूळसुद्धा उपटून नेले होते. तो भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा म्हातारी माणसं ओसरीत येऊन रुळांच्या जागेकडे बघत राहिली.

“होबर्ट, हे काय काढलंस?” मी त्याला म्हटलं. “डोंगरावरची मढी उठून बसतील.”

“बसू देत,” तो म्हणाला. मग काउंटर धरून थोडा वेळ थांबला. “ग्लेना उठली तर... सांग तिला... कॉफी टाक म्हणावं.”

तेव्हापासून तो भोंगा म्हणजे होबर्टची हाक झाली. ज्याच्याकडे जायचं त्याच्या साकवापाशी तो एकदा वाजवायचा, आणि माणसं हसत ओसरीत यायची. शाळेच्या फुटबॉल सामन्यांना तो कुंपणापाशी गाडी लावून बसे आणि आपल्या पोरांनी गोल मारला की वाजवे. पलीकडच्या गावची माणसं कानात बोटं घालत. कुणी लग्न करून आलं, कुणी फौजेतून सुटून आलं, की लोक म्हणत, होबर्टला सांगा रे. ज्याला चार शब्द सलग बोलता येत नव्हते, त्याला आता सगळं खोरं ओळखू लागलं. ग्लेना गेल्यावर पहिल्यांदाच मी त्याला स्वच्छ दाढी केलेला पाहिला.

खोऱ्याच्या मध्यावर ओव्हा गेहार्ट राहायची. आम्ही सगळे तिला ओव्हामावशी म्हणायचो. नवरा खाणीतच मेलेला, मुलगी रोनेटा ओहायोत, डेटनला नोकरीला. मावशीचं घर उंच जोत्यावर, साकवापासून वर बऱ्याच पायऱ्या. तिला कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. होबर्ट माझ्या दुकानातून तिच्यासाठी पाव आणि दूध घेऊन जाई. पहिल्यांदा तो तिच्या पायऱ्या चढायला लागला आणि मध्येच बसला, तेव्हा तिने वरून चांगलाच दम भरला होता.

“लेकरा, तू इथे मेलास तर तुला ओढत खाली न्यायचं कुणी? माझे गुडघे बघ जरा.”

त्या दिवसापासून मावशीने ठरवून टाकलं. होबर्टने रस्त्यावरून भोंगा द्यायचा आणि साकवाच्या रस्त्याकडच्या टोकाला उभं राहायचं. ती उतरून साकवावरून त्याच्यापर्यंत यायची, पिशवी घ्यायची आणि मागच्या खेपेच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी घालून परत द्यायची. कधी मक्याचा पाव फडक्यात बांधलेला, कधी सफरचंदाचा मुरंबा. बाकी लोक हाकेला ओसरीत यायचे, मावशी साकवावर यायची. त्याला चालावं लागू नये म्हणून.

“तुझी हाक मला ऐकू येते,” ती म्हणायची. “पाद्रीबुवांचं प्रवचन नाही येत. देवाची कृपा आहे.”

हे असं बरंच चाललं. मग तो उन्हाळा आला.

वरच्या डोंगराचा माथा कोळशासाठी खरवडून नेल्यापासून तिथे पाणी मुरत नाही, पडेल ते सरळ खाली येतं. त्या रात्री आम्हाला खाली फार पाऊस लागला नाही. वर मात्र आभाळ फाटलं होतं. उजाडता उजाडता होबर्टला जाग आली तेव्हा ओढा त्याच्या गाडीच्या चाकांना लागला होता. वीज गेलेली. खोऱ्यात फोन चालत नाहीत, कधीच चालले नाहीत. त्याने भोंगा घेतला, दुसरी बॅटरी घेतली आणि गाडी खाली हाणली. प्रत्येक घरासमोर थांबायचं, भोंगा दाबून धरायचा, माणसं ओसरीत आली की डोंगराकडे हात करायचा आणि पुढे निघायचं. माणसं बाहेर यायची, पाणी बघायची आणि पोराबाळांना उचलून मागच्या उतारावर पळायची. माझ्यापर्यंत तो आला तेव्हा भोंगा नुसता घरघरत होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते. मी नेसत्या कपड्यांनिशी वर गेले. मागे वळून पाहिलं तर माझं दुकान पाण्यात उभं होतं, दारापर्यंत.

खोऱ्यातली घरं गेली, गाड्या गेल्या, गुरं गेली. माणूस एकच गेलं. ओव्हामावशी.

लोकांना एवढंच दिसलं: मावशीचा साकव नाही, आणि मावशी खाली वळणावर झाडांच्या मुळांत सापडली. म्हातारी घाबरून रस्त्याकडे पळाली असणार, असं सगळे म्हणाले. पण तिचं घर जागेवर उभं होतं. पाणी ओसरीच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. आत तिचा बिछाना कोरडा, पांघरूण एका बाजूला सारलेलं. ती घरात बसून राहिली असती तर आज असती.

खरं काय झालं ते होबर्टला एकट्याला माहीत होतं. मला पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकते. तो तिच्या घरासमोर थांबला आणि त्याने भोंगा वाजवला, ती जागी व्हावी आणि मागच्या दाराने वर जावी म्हणून. मावशी पुढच्या दाराने आली. पायऱ्या उतरली. रोजच्यासारखी साकवावर निघाली. त्याने दोन्ही हात हलवले, मागे जा, मागे जा. तिने त्याला हात दाखवला. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि छातीतून काही निघालंच नाही. त्याच्या हातात भोंगा होता, पण तो वाजवला असता तर ती आणखी पुढे आली असती. ती मध्यावर पोचली तेव्हा साकव गेला.

रोनेटा डेटनहून आली ती दगडासारखी होऊन. आदल्या वर्षी थोडं पाणी चढलं होतं तेव्हा तिने आईला पत्रात बजावलं होतं, “आई, पाणी दिसलं की घरात बसायचं नाही. सरळ रस्त्यावर यायचं.” हे वाक्य तिने मला सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं, जेवण घेऊन आलेल्या बायकांना सांगितलं. ती घेवड्याच्या कालवणाची वाटी हातात धरून बसायची आणि तेच सांगायची. “तिने माझं कधी ऐकलं नाही हो. जन्मात कधी नाही. आणि हेच तेवढं ऐकलं.”

होबर्ट समोरच बसलेला असे.

प्रेतयात्रेला सगळं खोरं होतं, आणि माणसं मावशीला निरोप देऊन झाल्यावर रांगेने होबर्टकडे जात होती. कुणी त्याचा हात हातात घेई, कुणी आपलं लेकरू त्याच्यापुढे करी. त्याने किती घरांतली माणसं वाचवली होती! टीव्हीवाले आले. भोंग्याचे फोटो काढले. त्याला बोला म्हणाले. तो बोलला नाही. मी त्यांना सांगितलं की त्याला दम नाही, जा आता. आम्हाला सगळ्यांना वाटलं, दमामुळेच बोलत नाही.

त्यानंतर त्याने भोंगा अग्निशामक पथकाच्या व्हर्लिन स्लोनला देऊन टाकला. “ठेव,” एवढंच म्हणाला. बॅटऱ्यासुद्धा दिल्या. दुकान मी पुन्हा उभं केलं तेव्हा तो सामान घ्यायला येई, दोन पाव उचले, काउंटरपर्यंत आणे आणि एक परत ठेवून येई. दाढी वाढली होती. मी एकदा म्हटलं, “माणसात ये जरा, होबर्ट. सगळे तुझं नाव घेतात.”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक सोसत नाही. राग आला थोडा. आमच्या खोऱ्याच्या वाट्याला कौतुक येतं कधी?

शरद ऋतूत शाळेचे सामने सुरू झाले. पहिल्या सामन्याच्या दिवशी व्हर्लिनने घाट घातला की अग्निशामक गाडीत होबर्टला पुढे बसवायचं आणि भोंगा वाजवत सबंध खोऱ्यातून मिरवत न्यायचं. होबर्ट नको म्हणाला. पण व्हर्लिन ऐकेल तर शपथ.

“काका, तुम्ही नुसते बसा. वाजवायचं काम माझं.”

गाडीत मागे आम्ही काही बायका उभ्या होतो, पोरांना गोळ्या वाटायला. गाडी वरच्या टोकापासून निघाली आणि व्हर्लिनने पहिला भोंगा दिला.

माणसं बाहेर आली. पण ओसरीत थांबली नाहीत. होबर्टला जवळून बघायचं होतं ना! पायऱ्या उतरून सगळी साकवांवर आली. काही साकव अजून धड बांधलेलेही नव्हते, दोन ओंडक्यांवर चार फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, सगळी येऊन उभी राहिली. हसत होती. हात हलवत होती. खालून ओढा जात होता, तेव्हा अगदी शहाण्यासारखा. मावशीच्या घरासमोर साकवच नव्हता. रोनेटा घर आवरायला आली होती. ती पायऱ्या उतरली आणि जिथे पूर्वी साकव सुरू व्हायचा तिथे, अगदी काठावर येऊन उभी राहिली. तिनेही हात वर केला.

मी मागून पाहिलं, होबर्टने व्हर्लिनचं मनगट धरलं.

“बंद कर.”

“काय झालं काका?”

“बंद... कर.”

त्याचा चेहरा मला बाजूच्या आरशात दिसत होता. तो रोनेटाच्या पायांकडे बघत होता. आणि मला एकदम सगळं कळलं. मावशी घाबरून पळाली नव्हती. मावशीला हाक आली होती. माझ्या हातातल्या गोळ्या खाली सांडल्या आणि शेजारची म्हणाली, “वांडा, बरी आहेस ना?” मी बरी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. या खेपेला मी डबे हलवले नाहीत, त्याच्याकडे बघितलं.

“तू पाहिलंस,” तो म्हणाला.

“पाहिलं.”

“ती तशीच...”

“नको सांगूस.”

तो बसला. मी त्याला पाणी दिलं आणि मला जे वाटत होतं ते बोलले. मी म्हटलं, होबर्ट, हे तू कुणाला सांगायचं नाही. तू मुद्दाम केलंस का? नाही. तू आला नसतास तर खोऱ्यातून किती शवपेट्या निघाल्या असत्या? मेलेलं माणूस सांगण्याने परत येत नाही. रोनेटाला काय मिळणार आहे? तुझ्यावर एक डाग लागेल आणि लोकांना जे एक चांगलं मिळालंय तेही जाईल. असं बरंच बोलले. मला ते तेव्हा पटत होतं.

“ती म्हणते... तिच्या सांगण्याने गेली.”

“म्हणू दे. नवं दुःख आहे. ओसरेल.”

“माझं ओसरलं?”

मी त्याचा पेला पुन्हा भरला. तो बराच वेळ श्वास जमवत बसला.

“आणि पुढच्या पाण्याला... व्हर्लिन वाजवेल. सगळे येतील... साकवावर. काल आले तसे.”

तो गेल्यावर मी दुकान लवकर बंद केलं. मला त्याचा राग आला होता, कारण तो बरोबर होता.

पण बरोबर असणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. दिवस जात राहिले. रोनेटा आली की तो तिच्या घराच्या अलीकडूनच गाडी वळवून जाई. शेवटी तिनेच गाठ घातली. मावशीच्या कबरीवर दगड बसवायचा होता, वर डोंगरावर, गेहार्टांच्या दफनभूमीत. ती दुकानात आली, होबर्ट तिथेच होता, आणि म्हणाली, “होबर्टकाका, रविवारी तुम्ही यायचं. भोंगा घेऊन. आईला त्याच्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी एकदा वाजवा.”

होबर्टने माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, “येतो.”

रविवारी मी त्याला न्यायला गेले तर तो रिकाम्या हाताने उभा होता. कोट घातलेला. म्हणाला, “तू माझ्याजवळ राहा. मध्येच दम संपला तर... पुढचं तू सांग.”

“मी नाही सांगणार. तूच सांग, नाही तर गप्प बस.”

दफनभूमीची वाट म्हणजे नुसता चढ. धडधाकट माणसाला धाप लागते. आम्ही चार पावलं चालायचो आणि थांबायचो. त्याने माझा दंड धरला होता, आणि त्याच्या छातीतला आवाज मला माझ्या हातात जाणवत होता. व्हर्लिन खांद्यावर उचलून नेतो म्हणाला, त्याला होबर्टने नुसत्या नजरेने परत पाठवला. आम्ही पोचलो तेव्हा पाद्रीबुवांची प्रार्थना संपत आली होती. दगड बसला होता. लोक एकेक करून खाली निघाले. रोनेटा थांबली होती, आमची वाट बघत.

“भोंगा?” ती म्हणाली.

“आणला नाही.”

तो दगडाला धरून उभा राहिला असता, पण त्याने हात मागे घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

“रोनेटा. तुझ्या सांगण्याने... ती बाहेर नाही आली. मी बोलावलं तिला.”

मग त्याने सांगितलं. किती वेळ लागला कोण जाणे. शब्द, श्वास, शब्द, श्वास. एके ठिकाणी तो अडकला, त्याचे डोळे माझ्याकडे वळले, आणि मी मान हलवली, नाही. तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला, आणि पुन्हा सुरू झाला. सगळं सांगितलं. पाव-दुधाची सवय, मागचं दार, पुढचं दार, हात हलवले ते. आपल्याला ओरडता आलं नाही ते. घर कोरडं राहिलं असतं हे आपल्याला रोज दिसतं, तेही.

रोनेटाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही त्याला मारणार. मी मध्ये जायच्या तयारीत होते.

“तिने तुम्हाला पाहिलं?” तिने विचारलं.

“हो.”

“मग ती पळत नव्हती?”

“नाही. चालत होती... नेहमीसारखी.”

“घाबरली होती?”

होबर्ट थांबला. दमासाठी नाही. तो खरं काय ते आठवत होता, हे मला दिसत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “हसत होती. मी एवढ्या लवकर कसा आलो... म्हणून असेल.”

रोनेटाने तोंडावर हात दाबला. मग ती वळली आणि आमच्याकडे न बघता उतारावरून खाली गेली. तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला. ती त्याच दिवशी डेटनला परत गेली.

पुढच्या आठवड्यात होबर्टने चर्चमध्ये सगळ्यांसमोर तेच सांगितलं. ऐकताना काही माणसांनी माना खाली घातल्या. व्हर्लिन रडला. ज्या बाईने अंत्यविधीला आपलं लेकरू त्याच्यापुढे धरलं होतं, ती उठून बाहेर गेली, आणि त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. असंही झालं, ते लपवून काय करू? पण त्या दिवशी तिथेच ठरलं की भोंगा फक्त पाण्यासाठी. सामन्याला नाही, लग्नाला नाही, कुणाला बोलवायला तर नाहीच. आणि वाजला की रस्त्याकडे तोंड करायचं नाही, मागच्या दाराने सरळ वर. त्यानंतर एकदा ओढा चढला, व्हर्लिनने भोंगा दिला, आणि एकही माणूस ओसरीत आलं नाही. सगळं खोरं पाठ फिरवून डोंगरावर गेलं. होबर्ट माझ्या शेजारी उतारावर बसून खालचे रिकामे साकव बघत होता.

रोनेटा हिवाळा संपता संपता आली. मी होबर्टकडे गेले होते, त्याच्याकडे आता प्राणवायूची नळकांडी असते आणि ती कुणाला तरी बदलावी लागते. रस्त्यावरून हाक आली. बाईची, स्पष्ट. होबर्ट उठायला लागला. मी म्हटलं, तू बस, मी बघते. त्याने ऐकलं नाही. नळी सांभाळत ओसरीत गेला आणि हात वर केला, ये.

ती आली आणि ओसरीच्या खालीच उभी राहिली.

“मी तुम्हाला माफ करायला आलेले नाही,” ती म्हणाली. “प्रयत्न केला. जमत नाही.”

“बरं,” होबर्ट म्हणाला.

“पण तिकडे मला झोप लागत नाही हो काका. डोळे मिटले की ती पळताना दिसते, माझं नाव घेत. तुम्ही सांगितलंत ते मला माहीत आहे, पण दिसत नाही. मला परत सांगा. ती कशी आली तेवढंच सांगा.”

मी तिला खुर्ची दिली. होबर्टने नाकातली नळी नीट केली, दोन-तीनदा श्वास घेतला, आणि सांगायला लागला. मावशीने अंगावर कोणता झगा घातला होता. पायऱ्या उतरताना कठड्याला कसं धरलं होतं. कोणत्या हाताने हात दाखवला. रोनेटा डोळे मिटून ऐकत होती. सांगता सांगता तो साकवाच्या मध्यापर्यंत आला तेव्हा तिने हात वर करून त्याला थांबवलं, आणि तो थांबला.

आता ती तेच ऐकायला दर महिन्याला येते. माफीचं कुणी पुन्हा काढलेलं नाही. होबर्टचा दम दिवसेंदिवस कमी होतोय, डॉक्टर त्याला बोलू नकोस म्हणतात, आणि मी एकदा रोनेटाला बाजूला घेऊन सांगितलंही की बाई, आता पुरे, प्रत्येक खेपेला हा दोन दिवस अंथरुणाला खिळतो. ती ओशाळली. परत जायला निघाली. तर होबर्टने आतून खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि तिला खुणेने बोलावलं. खुर्ची त्याने स्वतःच सरकवून ठेवली होती.